धोट्याचे कान

कुठलाही दोष जगात कायमचा लपून राहत नाही. पाहणाऱ्याची नजर तेवढी पक्की लागते. हे भटूचं जीवनविषयक तत्त्व होतं, आणि सुरतेच्या उधन्यातल्या हेमराजशेठच्या लूम कारखान्यात कापड तपासता तपासता गेली एकोणीस वर्षं तो ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होता. या एकोणीस वर्षांत एक गोष्ट मात्र त्याच्या नजरेला आली नव्हती. त्याची बायको मालतीबाई प्रत्येक वाक्य दोनदा बोलायची. एकदा बोलायचं म्हणून आणि एकदा भटूला ऐकू यावं म्हणून.

तसं कारखान्यात बहिरेपणाला कुणी दोष धरत नसे. अठ्ठेचाळीस मशीनं एका पत्र्याखाली धडधडत असताना ज्याचे कान शाबूत, त्याच्या कामाबद्दलच लोकांना शंका यायची. नवा माणूस आला की त्याला आधी वाया गेलेल्या सुताचा बोळा कानात कसा कोंबायचा ते दाखवत, मग मशीन दाखवत. बोलणं हातांनी चाले. बोट गरगर फिरवलं की धागा तुटला, मूठ तोंडाशी नेली की चहा आला, आणि कानाची पाळी धरली की शेठ आले, कारण शेठच्या कानात सोन्याची बाळी होती.

या कारखान्यात धोटा नावाचा एक तांबूस कुत्रा चौकीदार होता. मागात सूत घेऊन पळणाऱ्या धोट्यासारखा मशीनच्या दोन रांगांमधून तो इकडून तिकडे, तिकडून इकडे पळायचा म्हणून हे नाव. ही गोष्ट सुरतेत प्लेग येऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षीची. त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत धोटा समोरच्या चहाच्या टपरीखाली राही आणि कारखान्याच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसे. दिवाळीची सुट्टी संपली, माणसं आपापल्या गावांहून परतली, मशीनं सुरू झाली, आणि पहिल्याच दिवशी हा सरळ आत येऊन सतरा नंबरच्या मशीनखाली झोपला. त्या आवाजात आजवर एकही कुत्रं मशीनपाशी टिकलं नव्हतं. पंधरा दिवस माणसं दिसली नाहीत तेव्हा त्याला आपली किंमत कळली, असं सर्वानुमते ठरलं. भटूने त्याच्यासाठी तपासणीच्या टेबलाखाली एक गोणपाट टाकलं. शेठनेही हरकत घेतली नाही. फुकट चौकीदाराला हरकत घेणारा शेठ सुरतेत अजून जन्मायचा होता.

जानेवारीत धोटा डोकं झटकू लागला. आधी दिवसातून चारपाच वेळा, मग तासातून. मागच्या पायाने कान खाजवायचा आणि खाजवता खाजवता केकाटायचा. चालताना मान डावीकडे कलती. आणि त्याच्या आसपास एक वास यायला लागला. प्लेगनंतर सुरतेत माणसं धारदार सुरीला घाबरली नसती इतकी वासाला घाबरत. त्यातच एका सकाळी शेठ स्कूटरवरून आले. धोटा दारात आडवा झोपला होता. शेठने हॉर्न दिला, पुन्हा दिला, पाच मिनिटं देत राहिले. समोरचा टपरीवाला बाहेर आला, शेजारच्या कारखान्याचा मुनीम बाहेर आला. धोट्याची शेपटीसुद्धा हलली नाही.

शेठने भटूला बाहेर बोलावलं. "भटूभाई, कूतरो बहेरो छे. ने वास मारे छे. बहेरो चोकीदार शुं कामनो?"

"शेठ, आजारी असेल तो."

"आजारी नथी, बहेरो छे. रविवारे टेम्पो बारडोली जाय छे. उसमां छोडी देशे." एवढं बोलून शेठना वाटलं की मराठी माणसाला नीट कळलं नसेल, म्हणून त्यांनी तेच हिंदीत सांगितलं. "रविवार को गन्ने के खेत में."

भटू आत आला तो विचारात पडला होता. कुत्र्याचं वाईट वाटत होतंच, पण त्याहून एक गोष्ट त्याला टोचत होती. बहिरा म्हणून काढायचं. हा कायदा एकदा लागू झाला तर तो टेबलाखालून टेबलावर यायला किती वेळ लागेल? पन्नाशीला टेकलेल्या तपासणाऱ्याला बारडोलीच्या उसात सोडायला टेम्पोही लागणार नव्हता. भटूने तिथल्या तिथे ठरवलं: धोटा कारखान्यातच राहील. त्यासाठी त्याचा दोष नेमका काय आहे हे रविवारच्या आत सिद्ध करायचं. आज मंगळवार होता.

त्याने आधी कारखान्याचं मत घ्यायचं ठरवलं. मशीनं चालू होती. तो रांगेच्या तोंडाशी उभा राहिला, धोट्याकडे बोट दाखवलं आणि मग सगळ्यांना दिसेल अशी स्वतःच्या कानाची पाळी धरली. चोवीस माणसांनी बिड्या टाकल्या. दोघं झोपलेले उठून उभे राहिले. रामदासने तर चांगल्या चाललेल्या मशीनला हात घालून धागा तोडला आणि तो जोडायला सुरुवात केली. शेठ आलेले नाहीत, हे सगळ्यांना कळेपर्यंत कापडाचं बरंच नुकसान झालं.

जेवणाच्या सुट्टीत मतं मिळाली. रामदास परभणीकडचा, भटूचा जुना दोस्त. तो भाकरी मोडत म्हणाला, "भटूनाना, त्याच्यात बघायचं काय? मशीनखाली झोपतंय. आपला बी कान गेला, त्याचा बी गेला."

"आपल्याला कान जायला दहा वर्षं लागली. त्याला दोन महिने?"

"कुत्र्याचं एक वर्ष म्हंजे माणसाची सात असत्यात."

"तरी चौदा महिनेच होतात की रे."

रामदासने हिशेब करून पाहिला आणि चटणी वाढून घेतली. दुसऱ्या एकाने नजर लागल्याचं सांगितलं, तिसऱ्याने कुत्रं पिसाळण्याच्या बेतात आहे म्हणून पाय वर घेतले. भटू म्हणाला, "मान एकाच बाजूला कलतेय, खाजवतो कान, झटकतो कान, वास येतो तो कानातून. कापडाच्या ताक्यावर तेलाचा डाग पडला तर आपण मशीनचं तेल बघतो. कॅलेंडरवरची अमावास्या बघत नाही."

चारच्या चहाला त्याने धोट्याला तपासणीच्या टेबलावर घेतलं. हे टेबल म्हणजे तिरपी काच आणि तिच्याखाली ट्यूबलाइट. कापड वरून ओढत न्यायचं आणि दोष दिसला की खडूने फुली मारायची. रामदासने धोट्याचं तोंड धरलं. भटूने डावा कान उलटा केला आणि खिशातून धागे मोजायचं घडीचं भिंग काढलं. कानाची कातडी लाल आणि जाड झाली होती, वहाणेच्या पट्ट्यासारखी. आत तपकिरी, तेलकट मळ. त्याने कापसाच्या टोकाने वरवरचा थोडा टिपला, काळ्या कापडाच्या तुकड्यावर ठेवला आणि भिंगाखाली बराच वेळ पाहत राहिला.

"काय दिसतंय?" रामदास.

"किडे असते तर पांढरे ठिपके चालताना दिसले असते. गावाकडे आमच्या मांजरीला झाले होते. इथं काही चालत नाही." मग त्याने तो हुंगला. "आंबट आहे. खळ कुजल्यावर येतो तसा."

उजवा कानही तसाच निघाला. आता ऐकण्याची परीक्षा राहिली होती. भटू धोट्याच्या मागे गेला आणि रिकाम्या तेलाच्या डब्यावर पान्याने दणका दिला. धोटा वळला नाही. रामदासही वळला नाही, त्यामुळे परीक्षेचा निकाल जरा अवघड झाला. शेवटी भटूने धोट्याच्या दोन्ही कानांवर खडूने एकेक फुली मारली आणि त्याला खाली सोडलं.

संध्याकाळी डिंडोलीला घरी आल्यावर मालतीबाईने त्याच्या हाताचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. घरात ती अहिराणीच बोलायची.

"तुम्ही कुत्राना कान हुंगी राह्यनात?" आणि मग मोठ्याने, "कुत्राना कान हुंगी राह्यनात का म्हनस!"

"दोष पाहत होतो."

"लसूनना गरम तेल टाका. मनी माय टाके."

"आधी दोष, मग इलाज. आत काय आहे ते माहीत नाही आणि वरून तेल ओतायचं?"

"आनि तुमना कान कवय दखाडशात?"

भटूला ते ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा मोठ्याने आलं तेव्हा त्याने सांगितलं की त्याच्या कानाला वास येत नाही, आणि विषय मिटला.

बुधवारी त्याने कपाळाला हात लावत अर्धी सुट्टी मागितली. धोट्याला फाटक्या ताक्यात गुंडाळून, मुंडकं तेवढं बाहेर ठेवून, रामदासच्या मांडीवर दिला आणि रिक्षा केली. रिक्षावाल्याला सांगितलं, नवी वहिनी आहे, आजारी आहे. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं आणि शहराच्या टोकाला असलेल्या जनावरांच्या दवाखान्यापर्यंत वेग कमी केला नाही.

डॉक्टर देसाई एका म्हशीच्या मागे गुंतले होते. मराठी त्यांना समजे. बोलत हिंदी आणि रागावत गुजराती.

"डॉक्टरसाहेब, कान!" भटू ओरडला. कारखान्यातल्या माणसाला ओरडण्यावाचून दुसरा आवाज नसतो.

"आदमी का कान सामने बड़े दवाखाने में!" डॉक्टर म्हशीपलीकडून ओरडले.

"कुत्र्याचा!"

"कब से?"

"बारीक खाज महिनाभर. झटकणं पंधरा दिवस. डावा जास्त, उजवा कमी. मळ तपकिरी, तेलकट, पू नाही. चालणारा किडा नाही. वास आंबट. ऐकू येत नाही. तेल घातलेलं नाही, काडी घातलेली नाही."

डॉक्टर म्हशीला सोडून बाहेर आले. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याकडे आलेल्या लोकांनी 'जनावर बरं नाही' यापलीकडे काही सांगितलं नव्हतं. त्यांनी भटूकडे पाहिलं, मग धोट्याच्या कानांवरच्या फुल्यांकडे पाहिलं.

"ये क्रॉस किसने किया?"

"मी. दोष तिथं आहे."

डॉक्टरांनी धोट्याच्या तोंडाला पट्टी बांधली आणि निमुळतं नळकांडं लावलेली बॅटरी कानात धरून आत पाहिलं. त्यांनी आधी कापसाच्या काडीने मळ घेऊन काचेच्या पट्टीवर लावला, पट्टी दिव्यावर शेकली, जांभळ्या रंगात बुडवली, धुतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. मग कौतुकाने म्हणाले, "देखोगे?"

भटूने डोळा लावला. गोल उजेडात जांभळे ठिपके पसरले होते, मधे आवळलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखे. डॉक्टर म्हणाले, "यीस्ट. बुरशी की जात. अच्छे कान में भी दो-चार रहती है."

"सदतीस," भटू म्हणाला.

"क्या?"

"एका नजरेत सदतीस. कडेचे दोन अर्धे धरले नाहीत."

डॉक्टरांनी स्वतः मोजले. सदतीस निघाले. त्यांनी भटूला बसायला स्टूल दिलं. त्या दवाखान्यात स्टूल एकच होतं.

"मगर बुरशी ऐसे ही नहीं होती," ते पुन्हा कानाकडे वळत म्हणाले. "अंदर हवा नहीं जाती. कुछ फँसा है."

त्यांनी कोमट पाणी पिचकारीने हळूहळू कानात सोडलं, मळ सैल होऊ दिला, मग लांब चिमटा आत घातला. धोट्याने भटूच्या मनगटात नखं रोवली. भटूने हात काढला नाही. चिमटा बाहेर आला तेव्हा त्याच्या टोकाला बोराएवढा एक काळपट, ओला गोळा होता. उजव्या कानातूनही तसाच निघाला. डॉक्टरांनी दोन्ही गोळे ताटलीत धुतले. काळं गेलं आणि खाली पोपटी रंग निघाला.

"सूत है," डॉक्टर म्हणाले.

भटूने भिंग लावलं. त्याला लावायची गरज नव्हती. पोपटी, दुहेरी पिळाचं, अधूनमधून जरीची एक बारीक तार. असं सूत कारखान्यात एकदाच आलं होतं, दिवाळीच्या साड्यांच्या मालाला, आणि तो सगळा माल भटूच्या हाताखालून गेला होता. सुट्टी लागली त्या दुपारची गोष्ट त्याला आठवली. भुसावळ पॅसेंजर पकडायची घाई, हातात मिठाईचा पुडा, समोरच्या गल्लीत फटाक्यांची माळ सुटलेली आणि टपरीखाली धोटा थरथर कापत बसलेला. भटूने खिशातलं वाया गेलेलं सूत काढलं, कारखान्यातल्या कुणालाही बसवतात तसे दोन बोळे व्यवस्थित वळले, धोट्याच्या कानांत घट्ट बसवले, डोक्यावर थोपटलं आणि गाडी पकडली. पंधरा दिवसांनी तो परतला तेव्हा बोळे दिसत नव्हते. जे दिसत नाही ते नाही, असं त्या एका बाबतीत त्याने धरलं होतं.

"किसने डाला ये?" डॉक्टरांनी विचारलं.

भटूला ऐकू आलं नाही.

"हुं पूछुं छुं, कया गधेडाए नाख्युं?"

तरीही ऐकू आलं नाही. रामदासने भटूकडे पाहिलं, पोपटी सुताकडे पाहिलं, आणि दोस्तीखातर आपणही बहिरा असल्याचं डॉक्टरांना खूण करून सांगितलं.

कानाचा पडदा शाबूत होता, पण नळी आतून सुजून बंद झाली होती; सूज पुरती उतरायला दोनतीन आठवडे लागतील आणि मगच नीट ऐकू येईल, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांनी थेंबांची बाटली दिली. दिवसातून दोनदा, चौदा दिवस, एकही वेळ चुकवायची नाही. नंतर पुन्हा आणून काचेच्या पट्टीवर पाहायचं.

चौदा दिवस म्हणजे रविवार उलटून जात होता. भटू गुरुवारी शेठच्या गादीसमोर गेला आणि कागदाची पुडी उघडली.

"आ शुं छे?"

"धोट्याच्या कानातून निघालं. शेठ, कुत्रा बहिरा नाही. कानात माल अडकला होता. आणि माल आपला आहे."

शेठने सूत बोटावर घेऊन चोळलं. ते त्यांनी ओळखलं. दुसऱ्या कुणाच्या मालाने कुत्रा बिघडला असता तर शेठने त्याला केव्हाच उसात पाठवला असता; स्वतःच्या मालाबद्दल मात्र बाजारात काही बोललं जावं हे त्यांना परवडणारं नव्हतं. "चौद दिवस," ते म्हणाले. "पछी हुं पोते जोईश." मी स्वतः बघेन.

ते चौदा दिवस भटूने मशीनसारखे काढले. सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला. धोटा बाटली ओळखायला लागला आणि बाटली दिसताच मशीनखाली सर्वांत आत जाऊन बसायला लागला. भटू पालथा पडून त्याच्या मागे जायचा. एकदा चावा बसला, अंगठ्याला. एकदा डोकं चालत्या मशीनच्या दांड्याखाली येता येता वाचलं. नवव्या दिवशी नंदुरबारला साडूच्या मुलीचं लग्न होतं. मालतीबाईने पेटी भरली.

"मी नही येस," भटूने सांगितलं.

"लगीनमा लोके इचारतीन ना, काय सांगू? कुत्राले दवाई टाकाले राह्यनात म्हनी?"

"आजारी शे म्हन."

"कोन?"

मालतीबाई एकटी गेली, तिथे काय सांगायचं ते तिने सांगितलं, आणि परत आली तेव्हा नातेवाइकांत भटू पिसाळलेला कुत्रा चावून अंथरुणाला खिळलेला होता. विचारपूस करायला पुढे महिनाभर माणसं येत राहिली.

पंधराव्या दिवशी डॉक्टर देसाईंनी पट्टी पाहिली. भटूने मोजले: एका नजरेत दोन. डॉक्टर खूश झाले. भटू तिथेच स्टुलावर बसून राहिला, मग म्हणाला, "साहेब, आता माझाही बघा."

डॉक्टरांनी नळकांडं बदललं आणि त्याच्या दोन्ही कानांत उजेड टाकला. "एकदम साफ. कुछ नहीं फँसा."

ही बातमी भटूने मोठ्या अभिमानाने घरी आणली. मालतीबाईने ताट वाढता वाढता ती ऐकली.

"मंग ऐकू काबर येत नही?" ती हळू म्हणाली, आणि या वेळी तिने ते दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

दर सोमवारी उधन्यात वीजबंदीची सुट्टी असे. त्या सोमवारी शेठने परीक्षा घ्यायचं ठरवलं. बंद मशीनांच्या रांगा, पत्र्यावर चिमण्यांची टिकटिक, दहाबारा माणसं मुद्दाम आलेली. धोटा भटूच्या टेबलाखाली पाठ करून झोपला होता. शेठ दाराबाहेर गेले आणि स्कूटरचा हॉर्न अगदी हलका, चुकून लागावा तसा दाबला. धोटा ताडकन उठला, दारात गेला आणि शेठवर असा भुंकला की शेठ स्कूटरसकट दोन पावलं मागे सरकले.

"बराबर," शेठ म्हणाले. "चोकीदार पास."

रामदासने भटूची पाठ थोपटली. भटूने खिशातून खडू काढला आणि धोट्याच्या गोणपाटावर, चांगल्या ताक्यावर मारतात तशी, बरोबरची खूण मारली. कुठलाही दोष कायमचा लपून राहत नाही, हे त्याने त्या दिवशी जमलेल्या प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं.

मंगळवारी सकाळी सात वाजता मेन स्विच वर गेला आणि अठ्ठेचाळीस मशीनं एकदम सुरू झाली. धोटा टेबलाखालून उडाला, दोन रांगांमधून सरळ पळत दाराबाहेर पडला आणि टपरी ओलांडून रस्त्याला लागला. भटू हाक मारत रेल्वे फाटकापर्यंत त्याच्या मागे गेला.

धोटा पुढे डिंडोलीला, भटूच्या घराजवळच्या नाक्यावर उसाच्या रसाच्या गाड्याखाली झोपू लागला. कारखान्याच्या दाराला शेठने रात्रीसाठी विकतचं कुलूप घेतलं.